बिनधुराची गाडी आणि ओसरीतली आजी



या आठवड्याच्या टपालात एक पत्र निघालं, थेट गोदाकाठच्या सायखेड्याहून. लिहिणारी आहे आठवीतली एक मैत्रीण. नाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून नाव गुपित! ती लिहिते :

‘दिवाळीत आमच्याकडे चार्जिंगची गाडी आली. अण्णा रोज रात्री ती ओसरीत लावतात नि चार्जिंगला टाकून झोपतात. ओसरीतच आजीची खाट आहे. शाळेत सर म्हणाले, ही गाडी प्रदूषण करत नाही. माझा चुलतभाऊ म्हणतो, ती फुटते. खरं कोणाचं? आणि अण्णांना सांगू कसं? ते म्हणतील, फार शहाणी झालीस!’

पत्र वाचलं आणि ठरवलं, या वेळचा विषय हाच. कारण प्रश्न एकट्या सायखेड्याचा नाही. तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात अशी गाडी आली असेल, नाहीतर येणार असेल.

आधी चुलतभावाचं म्हणणं तपासू. ९ एप्रिल २०२२ ची गोष्ट. सायखेड्यापासून फार लांब नाही, नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळची. विजेवर चालणाऱ्या ४० नव्या कोऱ्या स्कूटर एका कंटेनरमध्ये भरून निघाल्या होत्या. त्यांतल्या २० जळून गेल्या. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. त्याच्या आधी दोन आठवडे, पुण्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या स्कूटरनं पेट घेतला होता. उभ्या असलेल्या, बरं का! चालवत कुणीच नव्हतं.

आता जरा वाईट वाटेल असं सांगतो, पण सांगायलाच हवं. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईला एका घरात स्कूटरची बॅटरी काढून रात्री चार्जिंगला लावली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा एक मुलगा आजीजवळ झोपला होता. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. आजी वाचली. मुलगा फार भाजला होता, काही दिवसांनी तो गेला.

म्हणजे आपल्या मैत्रिणीची काळजी उगाच नाही.

पण असं होतं तरी कसं? या गाड्यांमध्ये बहुधा लिथियम-आयन बॅटरी असते. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये असते त्याच जातीची, फक्त पुष्कळ मोठी. एका डब्यात शेकडो लहान लहान सेल दाटीनं बसवलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण बाजूंच्या मधे केसाहून पातळ असा एक पडदा असतो. आत पेट घेणारा द्रवही असतो. धक्क्यानं, अति चार्जिंगनं, उष्णतेनं किंवा कारखान्यातल्या चुकीनं तो पडदा फाटला, की दोन्ही बाजू आतल्या आत चिकटतात आणि सेल तापतो. तापला की आतली रसायनं फुटतात. ती फुटली की आणखी उष्णता. अशी ती चढत जाते.

आणि मग? कांद्याची चाळ आठवा. सायखेड्याला कांद्याचा बाजार भरतो, तेव्हा तिथल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. चाळीत एक कांदा सडला, वेळीच काढला नाही, की शेजारचा सडतो, मग त्याच्या शेजारचा. बॅटरीतही तसंच, फक्त चाळीत जे आठवड्यांत होतं ते इथं काही मिनिटांत, कधी काही सेकंदांत होतं. ही आग विझवणंही अवघड. विझली असं वाटतं आणि आत एखादा सेल तापलेला राहिला, तर पुन्हा भडकते. तिच्या धुरात विषारी वायू असतात, तेव्हा जवळ जाऊन बघत उभं राहायचं नाही.

पेट्रोलच्या गाड्या पेटत नाहीत का? पेटतात की! पण पेट्रोलची गाडी रात्रभर प्लगला लावून आजीच्या उशाशी ठेवत नाहीत. फरक तो आहे.

त्या आगींनंतर केंद्र सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. त्यामुळे नंतरच्या गाड्या अधिक कसोट्या पार करून येतात. पण त्याआधीच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि भलताच चार्जर लावला, गल्लीतल्या मेकॅनिककडून बॅटरी उघडून घेतली, तर नियम काय करणार?

सायखेड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरलं होतं. बॅटरीवर ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी जाऊ नये. पण पूर काय घड्याळ लावून अर्ध्या तासात उतरतो? अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०२२ च्या ‘इयान’ वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या मोटारी पाणी ओसरल्यावर पेटल्या. गोदावरीचं पाणी खारं नाही, त्यामुळे धोका तेवढा नाही, पण गढूळ पाणी आत गेलेली बॅटरी भरवशाची राहत नाही.

आता सरांचं म्हणणं. ही गाडी धूर सोडत नाही, हे खरं. बाजारपेठेच्या रस्त्यावर तिच्या मागे चाललात तर नाकाला रुमाल लावावा लागत नाही. पण तिला लागणारी वीज कुठून येते? सायखेड्याच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्याच काठी एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आहे. २१० मेगावॅटचे तीन संच, आणि त्यांना लागतो कोळसा. तुमच्या घरातली वीज नेमकी तिथलीच, असं मात्र नाही. गोदावरीला दारणा मिळाल्यावर कुठलं पाणी कुठलं हे सांगता येतं का? तारांमधल्या विजेचंही तसंच. पण २०२३-२४ साली देशातली सुमारे पाऊण वीज कोळशावरच तयार झाली, हे नक्की.

घ्या वही, एक गणित करू. विजेची स्कूटर १०० किलोमीटर जायला चार्जिंगमधली गळती धरून साधारण साडेतीन युनिट वीज खाते. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे झाला अडीच किलो. पेट्रोलची स्कूटर लिटरला ५० किलोमीटर देते असं धरलं, तर १०० किलोमीटरला २ लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो. म्हणजे ४.६ किलो. काय दिसलं? विजेची गाडी निम्म्याच्या जवळपास उरकते. चांगलंच आहे! पण शून्य नाही. धूर थोडा कमी झाला आणि आपल्या गल्लीतून उठून वीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांकडे गेला. तुम्ही सायकलवर गेलात तर मात्र दोन्हीकडे शून्य.

शिवाय बॅटरी बनवतानाही बरंच काही खर्ची पडतं. काही बॅटऱ्यांना कोबाल्ट लागतं. जगातलं बहुतेक कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातल्या खाणींतून निघतं. तिथं तुमच्या वयाची मुलंही दगड फोडतात, धुतात, असं ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनं २०१६ साली जगासमोर मांडलं. आता बिनकोबाल्टच्या बॅटऱ्याही पुष्कळ निघाल्या आहेत. आणि बॅटरी म्हातारी झाली की? २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. ती भंगारवाल्याला द्यायची नाही. जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटऱ्या अंगणात फोडून वितळवल्या, तर शिसं माती-पाण्यात उतरतं आणि सर्वांत जास्त अपाय करतं ते लहान मुलांच्या मेंदूला.

आणि हो, ही गाडी आवाज करत नाही! मागून कधी येते कळत नाही. म्हणूनच युरोपात २०१९ पासून अशा नव्या मोटारींना हळू चालताना मुद्दाम आवाज करण्याची सक्ती आहे. आपण काय करायचं? रस्ता ओलांडताना कानांवर विसंबायचं नाही, मान वळवून बघायचं.

तर मैत्रिणी, खरं दोघांचंही, पण अर्धं अर्धं. गाडी विकायची गरज नाही. ओसरी मात्र बदलायला हवी. ओसरीत आग लागली तर नुसती आजी नाही, सगळ्यांचाच बाहेर पडायचा रस्ता बंद होतो! गाडी दारापासून लांब, उघड्या शेडखाली लावा, शेजारी चारा-सरपण नको. रात्री सगळे झोपल्यावर नाही, जागं कुणीतरी असताना चार्ज करा. चार्जर गाडीबरोबर आलेला तोच. उन्हातून आल्या आल्या लावू नका, थोडी निवू द्या. बॅटरी फुगली, विचित्र वास आला, फुसफुस झाली, तर ‘बघू काय झालं’ म्हणायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पळायचं आणि १०१ किंवा ११२ फिरवायचा. पुराचा इशारा आला की गुरांबरोबर गाडीही उंचावर न्या. बुडालीच, तर चालू करू नका, चार्ज करू नका, घरापासून दूर ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवा.

आणि अण्णांना सांगायचं कसं? ‘तुमचं चुकतं’ असं नको. संध्याकाळी चहा घेताना विचार, “अण्णा, चाळीत हवा खेळती राहावी म्हणून तुम्ही एवढी काळजी घेता, ती कशासाठी?” ते समजावून सांगतील. मग म्हण, “बॅटरीचं पण तसंच आहे. आणि तिच्याजवळ आपली आजी झोपते.” कांद्याची एवढी काळजी घेणारा माणूस आजीची घेणार नाही, असं होईल का?

बाकीच्यांनी या आठवड्यात एक काम करायचं. आपल्या घरात, वाड्यात, शेजारी कुठं कुठं गाड्या चार्जिंगला लागतात ते बघा. बाहेर पडायच्या वाटेवर किती, झोपायच्या खोलीत किती, हे लिहून कळवा. आणि सायखेड्याच्या मैत्रिणी, आजीची खाट तिथंच राहिली की गाडी हलली, तेही कळव हं. वाट बघतो.