फोन किती वर्षं चालणार, ते आधी विचारा

दिवाळीचा बोनस खात्यावर पडला की गारखेड्यातल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो. वाळूजला किंवा शेंद्र्याला पाळीवर जाणारा मुलगा म्हणतो, यंदा आयफोनच. वडील म्हणतात, तेवढ्यात दोन अँड्रॉइड येतील आणि वर घरपट्टीही भरून होईल. मग कोणी भाच्याचं उदाहरण देतं, कोणी यूट्यूबवरचा व्हिडिओ लावतं, आणि शेवटी सगळे पैठण गेटला जाऊन दुकानदार पुढे करेल तो फोन घेऊन येतात. मोबाईलमधलं थोडंफार कळतं म्हणून शेजारपाजारचे लोक नंतर तेच फोन माझ्याकडे घेऊन येतात. हँग होतो, स्टोरेज फुल झालं, काही सापडत नाही, हप्ता चुकला आणि लॉक पडलं. पैसे गेल्यावर यातलं फारसं काही दुरुस्त करता येत नाही, म्हणून हे घेण्याआधीच वाचा.

आयफोन श्रेष्ठ की अँड्रॉइड, हा वाद सोडून द्या. रोजची कामं दोन्हीकडे सारखीच होतात. व्हॉट्सॲप, यूपीआय, डिजिलॉकर, रेल्वेचं तिकीट, महावितरणचं बिल, मुलांच्या क्लासचे व्हिडिओ, यातलं एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही असं काही उरलेलं नाही. विचारायचे प्रश्न दोनच आहेत. या फोनला कंपनी अपडेट कधीपर्यंत देणार? आणि फोन अडला तर मदतीला हाताशी कोण आहे?

पहिला प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते आपल्या पिढीला सांगायला नको. नोकियाचे सिंबियनवाले फोन आपण वापरले. नंतर रंगीबेरंगी ल्युमिया आले, त्यात मायक्रोसॉफ्टचं विंडोज होतं. ३१ डिसेंबर २०१९ नंतर त्या फोनांवर व्हॉट्सॲप चालणं बंद झालं. फोन फुटला नव्हता, बॅटरी ठीक होती, काचेवर ओरखडा नव्हता, तरी तो ड्रॉवरमध्ये गेला. साहेब लोकांच्या कमरेला लटकणाऱ्या ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला थांबवली. हँडसेट धडधाकट असतो आणि आतली प्रणाली मरते. आता मैदानात दोनच उरल्या आहेत. गुगलने २००५ मध्ये विकत घेतलेली अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस. आयफोन २००७ मध्ये जगापुढे आला, भारतात तो ऑगस्ट २००८ मध्ये मिळू लागला. आपल्या देशात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. हे वर्चस्व एवढं मोठं की ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्याचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. आयआयटी मद्रासच्या पाठबळावर २०२३ मध्ये भारओएस नावाची देशी प्रणालीही पुढे आली. तिचं स्वागतच आहे, पण दुकानाच्या काउंटरवर तुमच्यासमोर आज दोनच पर्याय असतात.

आता अपडेटचं. फोनच्या आतल्या प्रणालीत चोराला शिरता येईल अशा फटी सतत सापडत असतात. कंपनी त्या बुजवते आणि ती दुरुस्ती तुमच्या फोनवर पाठवते. ज्या दिवशी कंपनी हे थांबवते, त्या दिवसापासून तुमचं बँकेचं ॲप, आधार, घरच्यांचे फोटो, सगळं उघड्या फटींच्या फोनमध्ये असतं. फोन वरून नेहमीसारखाच चालतो, म्हणून कोणाला कळतही नाही.

आत्ता हातातला फोन घ्या आणि बघा. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये जा, अबाउट फोन उघडा. तिथे किंवा शेजारच्या सिक्युरिटीच्या पानात ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ अशी ओळ आणि तिच्यापुढे एक तारीख दिसेल. तारीख गेल्या दोन-तीन महिन्यांतली असेल तर बरं आहे. दोन वर्षांपूर्वीची असेल आणि सॉफ्टवेअर अपडेट दाबूनही नवं काही येत नसेल, तर त्या फोनवरून मोठ्या रकमेचे व्यवहार करणं थांबवा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग सॉफ्टवेअर अपडेट. दुकानात नवा फोन बघतानाही हेच करा. कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे डब्यावर मोठ्या अक्षरांत असतं. अपडेट कधीपर्यंत, हे विचारावं लागतं.

आणि विचारताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही वर्षं तुम्ही फोन घेतल्यापासून मोजत नाहीत, ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. दिवाळीच्या सेलमध्ये भरघोस सूट असलेला फोन पुष्कळदा दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल असतो. चार वर्षांच्या हमीतली दोन त्याने दुकानातच घालवलेली असतात. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ आणला तेव्हा सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं, गुगलने पिक्सेल ८ पासून तेच केलं. हे महागडे फोन झाले. पण ऑक्टोबर २०२४ मधल्या गॅलॅक्सी ए१६ ५जी या वीस हजारांच्या आतल्या फोनलाही सॅमसंगने सहा वर्षं कबूल केली. त्याच किमतीत दोन किंवा तीनच वर्षं देणारे फोनही शेजारच्याच कपाटात असतात, आणि त्यांचा कॅमेरा जास्त चमकदार दाखवला जातो. ॲपलची आजवरची चाल बघितली तर २०१८ च्या आयफोन एक्सआरला २०२४ ची आयओएस १८ मिळाली, २०२५ ची आयओएस २६ मात्र मिळाली नाही. म्हणजे साधारण सात वर्षं. नवा आयफोन घेऊन तो सहा-सात वर्षं खरोखर वापरणार असाल, तर वर्षाला पडणारा खर्च वाटतो तेवढा जास्त नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दर दोन वर्षांनी बदलणार असाल तर हा हिशेब लागू होत नाही.

सेकंडहँड आयफोन घेणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी हे खास सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. बारा-पंधरा हजारांत मागच्या सफरचंदासाठी घेतलेला सात वर्षांचा फोन म्हणजे आयुष्य संपत आलेला फोन. तरी घ्यायचाच असेल तर बॅटरी हेल्थ बघा, ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च धरा. जनरलमधल्या अबाउटमध्ये डिस्प्ले किंवा बॅटरीपुढे ‘अननोन पार्ट’ असं दिसतंय का, ते तपासा. विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं ॲपल खातं काढायला लावा, नाहीतर फोन रिसेट झाल्यावर त्याच्या पासवर्डशिवाय उघडणार नाही. फोन कोणताही असो, *#०६# डायल करून आयएमईआय नंबर घ्या, आणि केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा किंवा केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाका. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथे कळतं. बिल आणि डबा नसेल तर व्यवहार करू नका, विकणारा मित्राचा मित्र असला तरी.

दुसरा प्रश्न मदतीचा. पुण्यात नोकरी करणारा मुलगा नवा फोन घेतो आणि आपला जुना आयफोन आईला देतो. मनात प्रेमच असतं. पण आईला इतकी वर्षं खालच्या बाजूला मागे जायचं बटण सापडत होतं, ते आता नाही. फोटो कुठे गेले कळत नाही. भिशीतल्या सगळ्याजणींकडे अँड्रॉइड, त्यामुळे शेजारच्या काकूंना विचारलं तर त्याही म्हणतात, बाई, हे आपल्याला नाही येत. क्रीडा संकुलावर सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांचंही तसंच. फोन आपण पुस्तक वाचून शिकत नाही, शेजारच्याच्या हातात बघून शिकतो. म्हणून आई-वडिलांसाठी निवडताना आपल्या पसंतीपेक्षा त्यांच्या ओट्यावर, कट्ट्यावर काय चालतं ते बघा. उलट घरात सगळ्यांकडेच आयफोन असतील, नातवंडं परदेशात असतील आणि फेसटाइमवर रोज बोलणं असेल, तर आजीलाही आयफोनच द्या. ती शिकेल, कारण शिकवणारे घरात आहेत.

भाषेचंही काउंटरवरच बघून घ्या. अँड्रॉइडवर सगळा फोन मराठीत करण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे, आयफोनवर ती अलीकडे आली. दुकानात भाषा मराठी करून मागा, कीबोर्डवर आईला तिचं नाव टाइप करू द्या, माइकवर मराठीत एक वाक्य बोलायला लावा. पाच मिनिटांत कळतं.

या गोष्टी बारीकसारीक वाटत असतील तर ऑगस्ट २०२१ आठवा. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली होती. बाळांची वजनं, उंची, पोषण आहार, सगळ्या नोंदी केंद्राच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरायच्या, आणि हातात दोन जीबी रॅमचा फोन. ॲप उघडलं की फोन हँग. ॲप इंग्रजीत, आणि सेविका मराठीत काम करणारी. बिघडला तर दुरुस्तीचा खर्च तिच्याच मानधनातून. या बायका मोबाईलच्या विरोधात नव्हत्या, कामाला उपयोगी पडेल असा मोबाईल आणि मराठी ॲप मागत होत्या. किती मेमरी लागेल, कोणती भाषा लागेल, दुरुस्ती कोण करेल, हे प्रश्न खरेदीआधी विचारले गेले असते तर त्यांच्यावर ती वेळ आली नसती. त्यांना निवड करता आली नव्हती. आपल्याला येते. मला त्यांचं ते आंदोलन कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त शिकवून गेलं, आणि म्हणून मी आठ जीबी रॅमच्या खालचा अँड्रॉइड आज शक्यतो घेऊ नका असं सांगतो. अगदीच बजेट नसेल तर सहा.

सुरक्षेच्या बाबतीत दोन्हींत एक खरा फरक आहे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली फाइलही ॲप म्हणून टाकता येते. चोर याचाच फायदा घेतात. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, आरटीओचं चलन येतं, पीएम किसानची यादी येते, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. उघडून परवानगी दिली की तुमचे एसएमएस, त्यातले ओटीपी, तिसऱ्याच्या हातात. आयफोनवर ही फाइल बसतच नाही. म्हणून जो माणूस आलेलं सगळं उघडून बघतो आणि ज्याच्या खात्यात निवृत्तीची रक्कम आहे, त्याच्यासाठी परवडत असेल तर आयफोन जास्त सुरक्षित, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ‘डिजिटल अटक’ करणारा खोटा पोलीस फोनवर बोलून पैसे काढतो, त्याला तुमच्या हातात कोणता फोन आहे याने काही फरक पडत नाही. आयफोन घेतला म्हणजे निर्धास्त झालो, असं समजू नका.

कर्जाबद्दल थोडक्यात आणि निक्षून. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला आयफोन १६ई, म्हणजे त्या वेळच्या नव्या आयफोनांतला स्वस्त, ५९,९०० रुपयांचा होता. पगार वीस-बावीस हजार असताना दोन वर्षांच्या हप्त्यांवर तो घेऊ नका. शून्य टक्के म्हटलं तरी प्रोसेसिंग फी, विमा, कव्हर-काचेचं पॅकेज जोडून येतं, त्याचा कागद वाचा. हप्त्याच्या काही फोनांत फायनान्सवाल्यांचं लॉकचं ॲप असतं, ते आहे का ते सही करण्याआधी विचारा. आणि आयफोनची मूळ काच अधिकृत सेंटरला बदलायला लागणारे पैसे आधी विचारून ठेवा. जवाहर कॉलनीतल्या दुकानात बसवलेली स्वस्त काच स्वस्त का असते, ते महिन्याभरात टच सांगतो. आयक्लाउडवर ५ जीबी फुकट, गुगलवर १५. फोटो वाढले की दोन्हीकडे दरमहा पैसे सुरू होतात, तेही घरखर्चात धरा.

आता गारखेड्यातल्या, पुंडलिकनगरातल्या, उल्कानगरीतल्या तरुण मुलामुलींना एक मागणं आहे. या रविवारी घरातल्या मोठ्यांचा फोन हातात घ्या आणि तासभर त्यांच्याजवळ बसा. अक्षरं मोठी करा, त्यांना हवी असेल तर भाषा मराठी करा. अपडेट बाकी असेल ते वायफायवर लावा. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स, तिन्हींची परवानगी बंद करा. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा, त्यांना आठवेल असा, पण जन्मतारीख नको. चॅटचा बॅकअप सुरू आहे का बघा. जुना फोन एक्स्चेंजला देणार असाल तर आधी त्यातलं गुगल किंवा ॲपल खातं काढा, मग रिसेट करा. आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करताना, पैसे गेल्याचं कळताच पहिल्या तासाभरात त्यावर फोन करायचा, हे त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.