आधी बॅटरी, मग फोटो

ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे, सगळे दात आणि कानापुढचे जबड्याचे सांधे एकाच लांबट पट्टीत दाखवणारा एक्स-रे. रुग्ण हनुवटी टेकवून उभा राहतो, यंत्र डोक्याभोवती फिरते, पंधरा-वीस सेकंदांत काम संपते. जव्हार-मोखाडा या आदिवासी तालुक्यांत त्याची गरज किती, यावर दोन उलट मते मांडता येतात. पहिले मत उत्साही लोकांचे: गाडीवर यंत्र चढवा, पाड्यापाड्यावर न्या, आश्रमशाळेतल्या प्रत्येक पोराचा ओपीजी काढा, म्हणजे आदिवासी भागाला आधुनिक सेवा मिळाली. दुसरे मत व्यवहारी म्हणवणाऱ्यांचे: जिथे वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी १९९२-९३मध्ये सारा महाराष्ट्र हादरला, तिथे दातांच्या फोटोंची चैन कशाला? माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात, आणि चूक एकच आहे. दोघेही यंत्राचा विचार करतात. रुग्णाच्या तोंडात कोणता प्रश्न उभा आहे, हे कुणीच विचारत नाही.

उत्साही पक्षाला पहिले उत्तर असे, की या भागातला तोंडाचा सर्वांत घातक आजार ओपीजीत वेळेवर दिसतच नाही. मशेरी, तंबाखू-चुना आणि २०१२पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा यांमुळे गालाच्या आत आणि जिभेच्या कडेला पांढरे-लाल चट्टे येतात, न भरणारी जखम होते. हे सारे मऊ त्वचेवर घडते. ओपीजी दाखवतो हाड आणि दात. कर्करोग हाड खाऊ लागला की तो फोटोत उमटतो, आणि तोवर सोप्या उपचाराची वेळ टळलेली असते. म्हणजे शिबिरात शंभर जणांचे ओपीजी काढून ‘सगळे ठीक’ असे सांगितले, तर त्यातला चट्टेवाला निर्धास्त होऊन घरी जाईल. त्याला हवी होती बॅटरी, हातमोजा घातलेले बोट आणि गाल ओढून पाहणारा माणूस. दोन दातांच्या फटीत नुकती लागलेली कीडसुद्धा ओपीजीत नीट दिसत नाही; तिथे तोंडात सेन्सर ठेवून काढलेला एक-दोन दातांचा छोटा फोटो, म्हणजे आरव्हीजीच सरस ठरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळांत मुलांचे दात पाहतात, ती नुसत्या डोळ्यांनी. तपासणीची ही पहिली पायरी बरोबर आहे. ती ओलांडून सरसकट फोटो काढणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे.

‘क्ष-किरणांनी कॅन्सर होतो’ ही भीतीही तपासून घेतली पाहिजे. एका ओपीजीतून साधारण १० ते २५ मायक्रोसीव्हर्ट इतका मारा होतो. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला निसर्गतःच वर्षाला सरासरी २४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतात. हिशोब केला तर ओपीजी म्हणजे निसर्गाचे दोन ते चार दिवस. २०१२मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी लहानपणीचे दंत-एक्स-रे आणि मेंदूच्या आवरणावरची गाठ यांचा संबंध दाखवला होता, हे खरे. पण कोणी किती फोटो काढले हे त्यात रुग्णांच्या आठवणीवरून ठरवले होते, आणि जुन्या फिल्मला आजच्या डिजिटल यंत्रापेक्षा किरणही जास्त लागत. भिण्यासारखे त्यात फारसे नाही. तरी ‘थोडाच मारा आहे, काढून टाकू’ हेही मला मान्य नाही. थोडा म्हणजे शून्य नव्हे, मुलांच्या वाढत्या पेशी जास्त हळव्या असतात, आणि ज्या फोटोने उपचार बदलणार नाही त्याचा तो थोडा माराही फुकटच. गरोदर बाईचा फोटो थांबण्यासारखा असेल तर थांबवावा. थांबण्यासारखा नसेल तर भीतीपोटी तिला पूभरल्या जबड्यासह परत पाठवू नये.

आता दुसऱ्या पक्षाचा खरा मुद्दा: ‘एका दाढेसाठी आरव्हीजी पुरतो, ओपीजी कशाला?’ एका दाढेसाठी पुरतो, हे मी आधीच मान्य करतो. पण आरव्हीजीसाठी तोंडात सेन्सर ठेवावा लागतो आणि त्यासाठी तोंड उघडावे लागते. सुपारी-गुटख्याने गालाच्या आतल्या भागात दोऱ्यासारखे कडक पट्टे धरलेला तरुण दोन बोटेही आत घेऊ शकत नाही. त्याची दाढ सडली तर आत काय झाले आहे हे बाहेरून फिरणाऱ्या यंत्रालाच कळणार. दुसरी गोष्ट घाटातल्या मोटारसायकलींची. खालचा जबडा धनुष्यासारखा वाकलेला आहे. एका बाजूला मार बसला की अनेकदा दुसऱ्या बाजूला, कानापुढच्या सांध्याजवळ तो मोडतो. जखम दिसते हनुवटीवर, मोड असते कानापुढे. छोट्या फोटोत ती सापडत नाही, मग जबडा वाकडा जुळतो आणि माणूस जन्मभर भाकरी एका बाजूने चावतो. तिसरी, न दुखता फुगत जाणारा जबडा. हाडात अडकून राहिलेल्या दाताभोवती पाण्याची गाठ धरते, ती वर्षानुवर्षे हाड पोखरते आणि एके दिवशी साध्या धक्क्याने जबडा मोडतो. आडव्या अक्कलदाढेचेही तसेच. ती काढण्याआधी तिची मुळे जबड्यातल्या नसेच्या किती जवळ आहेत हे पाहिले नाही, तर ओठ बधिर होऊन बसतो. आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात जोडीदाराच्या मागे दोन वर्षे रेंगाळला असेल, तर तो आत अडकला आहे की मुळातच नाही, हे जाणण्याचाही हा सरळ मार्ग. उलट हनुवटीखाली सूज पसरून गिळता येईना, श्वास अडकू लागला, तर फोटोची वाट पाहू नये. आधी रुग्णालय, आधी पू मोकळा करणे; ओपीजी नंतर.

या दुखण्यांची यादी शहरातही हीच आहे, मग जव्हारचे वेगळे काय? वेगळे आहे ते उशिरा येणे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर परतते. तोवर दाढ दुखली तर गोळी किंवा तंबाखूची चिमूट. रुग्ण दवाखान्यात पोचतो तेव्हा प्रश्न एका दाढेचा राहिलेला नसतो. शहरात फोटोला काहीशे रुपये पडतात, आणि रोजगार हमीची २०२४-२५ची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. पण मजुराला खरा खर्च फोटोचा पडत नाही. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. जाणे-येणे, सोबतचा माणूस, बुडालेले दोन दिवस, आणि फोटो घेऊन पुन्हा एक खेप. म्हणूनच ज्यांना तो लागतो त्यांच्यासाठी ओपीजीची जागा जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयाच्या पातळीवर आहे, मोखाड्याच्या रुग्णाला एका एसटीत गाठता येईल अशी. २०११च्या जनगणनेत दोन तालुक्यांची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती आणि दहातले नऊ जण आदिवासी. एवढ्या वस्तीला एक यंत्र ही चैन नव्हे. कुपोषणाचा दाखला देणाऱ्यांना एवढेच विचारावे, की ज्या बाईचा जबडा सुजला आहे तिने नागलीची भाकरी चावायची कशी? तरी निवड करावीच लागली, म्हणजे दंतवैद्याचे रिकामे पद भरायचे की यंत्र आणायचे, तर मी डोळे झाकून पद भरा म्हणेन. दंतवैद्याशिवाय ओपीजी म्हणजे कुलूपबंद खोलीतले सामान. वीज जाते हा आक्षेप त्यामानाने किरकोळ आहे. फोटो सेकंदांत निघतो, रुग्णालयाला जनरेटर लागतोच, आणि अवघड फोटो तज्ज्ञाकडे मोबाइलवरूनही जातो.

जाता जाता एक वेगळा उपयोग. शाळेच्या दाखल्यावर निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा असतो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. बालविवाहाच्या किंवा बालमजुरीच्या खटल्यात वयाचा वाद निघाला की दातांच्या वाढीवरून वय ठरवण्यासाठी ओपीजी काढतात. पण २०१५च्या बाल न्याय कायद्यात शाळेचा दाखला आणि जन्मनोंद आधी, वैद्यकीय चाचणी शेवटी असा क्रम आहे, आणि तो योग्यच. दात वय सांगतात ते वर्ष-दोन वर्षांच्या फरकाने. सतरा की अठरा हे त्यांच्या भरवशावर सोडू नये.

तेव्हा कुणी ओपीजी सांगितला तर दोनच गोष्टी विचाराव्यात: यातून काय कळायचे आहे, आणि कळल्यावर उपचारात काय बदलेल? उत्तर मिळाले तर नथ, कानातले, गळ्यातले काढून ठेवून निर्धास्त उभे राहावे. आणि फोटोची प्रत मोबाइलमध्ये घेऊन ठेवावी. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या भट्टीवर दाढ पुन्हा उठली, तर तिथल्या डॉक्टरला तोच फोटो दाखवता येतो.