चला, पायी फिरू : काउअन स्टेशन ते जेरुसलेम बे



आपल्या वस्त्यांतली मुले-मुली शिकून आता परदेशात नोकरीला जाऊ लागली आहेत. मग दोन-तीन महिन्यांसाठी आई-वडिलांनाही बोलावणे येते. सिडनीला गेलेल्या आई-वडिलांना दिवस काढणे जड जाते. मुलगा-सून कामावर, घरात कोणी नाही, आणि पाहण्यासारख्या ठिकाणांची तिकिटे ऐकून छातीत धस्स होते. अशांसाठी आणि तिथे नव्याने संसार मांडलेल्या तरुण कुटुंबांसाठी आजची सफर. हिला लागते ते रेल्वेचे तिकीट, पायांत घट्ट बूट आणि घरचा डबा.

ऑस्ट्रेलियात रानातून पायी फिरण्याला ‘बुशवॉक’ म्हणतात. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून उत्तरेकडे न्यूकॅसलच्या बाजूला जाणारी गाडी धरायची. हॉर्न्सबी, बेरोवरा मागे टाकून साधारण तासाभरात काउअन येते. स्टेशन अगदी लहान. प्रत्येक गाडी इथे थांबत नाही, म्हणून चढण्यापूर्वी खात्री करावी आणि परतीच्या गाडीची वेळ लिहून घ्यावी.

स्टेशनच्या पूर्वेला मोटारमार्गावरून पादचारी पूल आहे. पुलाखालून गाड्या सुसाट धावत असतात. पूल ओलांडून उतरणीला लागले की तो आवाज हळूहळू मागे पडतो. वाट वालुकाश्माच्या पायऱ्यांवरून, ओहोळाच्या सोबतीने खाली जाते. दोन्ही बाजूंना निलगिरीच्या जातकुळीतली झाडे. त्यांत एक ‘सिडनी रेड गम’ लक्षात राहते. या झाडाची जुनी साल दरवर्षी गळते आणि आतून गुळगुळीत, नारिंगी-गुलाबी खोड निघते. वाटेत घोरपड आडवी गेली तर घाबरू नये. ती आपल्या वाटेने जाते, आपण आपल्या.

खाली उतरल्यावर समोर खाडी. इथे समुद्राचे पाणी डोंगरांच्या कुशीत शिरलेले आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले आणि नदीच्या दऱ्या बुडून अशा खाड्या झाल्या. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तिवरांची मुळे दिसतात. आपल्या कोकणातल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. इथे दुकान नाही, हॉटेल नाही, नळही नाही. दगडावर बसावे, डबा उघडावा, पाण्याकडे पाहत राहावे.

एवढी सुंदर जागा श्रीमंतांच्या बंगल्यांत कशी गेली नाही, असा प्रश्न पडेल. हा भाग कु-रिंग-गाय चेस या राष्ट्रीय उद्यानात येतो. एकल्स्टन डू फॉर या गृहस्थांनी सरकारकडे पाठपुरावा केला आणि 1894 साली ही जमीन जनतेसाठी राखून ठेवली गेली. रेल्वे त्याआधीच, 1887 साली, इथून पुढे हॉक्सबरी नदीपर्यंत पोहोचली होती. राखलेली जमीन आणि तिथवर जाणारी रेल्वे, या दोन गोष्टी जुळल्या म्हणून कामगाराला रविवारी रान पाहता आले. मंदीच्या काळात, 1932 साली, रेल्वेने पायी फिरणाऱ्यांसाठी खास गाड्या सोडल्या, तेव्हा माणसे गर्दी करून गेली. आजही उद्यानाच्या मुख्य रस्त्यांनी मोटार घेऊन येणाऱ्याला शुल्क पडते. काउअनला रेल्वेने उतरून पायी जाणाऱ्याला काही पडत नाही.

मात्र ‘जनतेसाठी’ म्हणताना एक गोष्ट विसरता येत नाही. हे रान ओसाड नव्हते. इथे मूळनिवासी लोक हजारो वर्षे राहत होते. या उद्यानातल्या खडकांवर त्यांनी कोरलेली चित्रे आणि काठांवर त्यांनी खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग आजही सापडतात. 1788 मध्ये इंग्रजांनी सिडनीला वसाहत केली आणि 1789 मध्ये देवीच्या साथीत या लोकांची मोठी संख्या मेली. जे उरले त्यांची जमीन गेली. देशाची लोकसंख्या मोजताना त्यांना धरू नये असे कलम राज्यघटनेत होते. ते 1967 च्या सार्वमताने काढले गेले. माणूस असून माणसांत न मोजले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. तिथे गेल्यावर खडकावरच्या कोरीव चित्रांवर पाय देऊ नये, शिंपला उचलून आणू नये.

आता महत्त्वाची सूचना. आपल्याकडे गड चढताना दम आधी लागतो आणि परतताना उतार मिळतो. इथे उलटे आहे. जाताना जवळपास दोनशे मीटर उतरायचे आणि थकल्यावर तेवढेच चढायचे. जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर, वेळ अडीच ते तीन तास. उतरताना सोपे वाटते म्हणून फसू नका. निम्म्याहून जास्त पाणी आणि निम्म्याहून जास्त ताकद परतीसाठी ठेवा. गुडघेदुखी किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पुलाजवळ थोडे फिरून परतावे. त्यात कमीपणा नाही.

खाडीवरून हीच वाट पुढे ब्रुकलिनला जाते. ती सिडनी ते न्यूकॅसल या सुमारे 250 किलोमीटरच्या ‘ग्रेट नॉर्थ वॉक’चा भाग आहे. पण पुढची चढण खडी आहे. लहान मुले सोबत असतील तर मोह टाळावा.

तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत साप आणि वणवा या दोन्हींची भीती असते. आगीच्या धोक्याच्या दिवशी उद्यान बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी करावी. जून-जुलैत हवा छान, पण पाच वाजताच अंधारते. त्यामुळे सकाळी निघावे. घरी आल्यावर मुलांच्या मानेवर, कानामागे गोचीड आहे का ते पाहावे. दरीत मोबाइल लागेलच असे नाही. कुठे जातो आणि कधी परततो, हे घरी सांगून जावे. संकटात फोन करायचा क्रमांक 000.

डब्यातला कागद आणि केळ्याची साल पिशवीत भरून परत आणावी. ही जागा पुढच्या रविवारी येणाऱ्या दुसऱ्या कामगाराच्या कुटुंबाचीही आहे.