काट्यावरचा आकडा

काय मुलांनो, प्रगतिपुस्तक हातात आलं की आधी मार्क बघता ना? त्याच पुस्तकात 'उंची' आणि 'वजन' असे दोन रकानेही असतात. ते भरताना एकदा माझ्याकडून मोठी चूक झाली. आज तीच सांगते.

चौथीचा वर्ग. व्हरांड्यात वजनकाटा ठेवला होता. एकेक जण त्यावर उभा राहायचा, मी मोठ्याने आकडा सांगायची आणि मॉनिटर वहीत लिहायचा. बंडूची पाळी आली. (हे त्याचं खरं नाव नाही बरं का!) मी म्हटलं, "त्रेचाळीस!" रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाई, काटा मोडेल!" सगळे खो-खो हसले. मी "गप्प बसा रे!" म्हणून पुढचं नाव पुकारलं. माझ्या लेखी विषय संपला.

बंडूच्या लेखी मात्र तो संपला नव्हता. तीन दिवसांनी कवायतीच्या तासाला तो मटकन खाली बसला. जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं, की तो रोजचा डबा मधल्या सुट्टीत दुसऱ्यांना वाटून टाकत होता. सकाळचं दूधही घेत नव्हता. म्हणाला, "बाई, मला तीस किलो व्हायचंय."

"तीसच का रे?"

"माझ्या बाकावरच्याचं वजन तीस आहे ना, म्हणून!"

आता सांगा, दोघांची उंची वेगळी, मग वजन सारखं कसं असेल? म्हणून तर नुसतं वजन न बघता उंचीबरोबर बघतात. त्याचं गणित तुम्हालाही जमेल. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. समजा, उंची १३० सेंटिमीटर, म्हणजे १.३ मीटर, आणि वजन २८ किलो. २८ ला १.३ ने भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा १.३ ने भागा. उत्तर येईल सुमारे १६.६. यालाच बीएमआय म्हणतात.

या हिशेबाचं मूळ १९व्या शतकातलं. अदोल्फ केतले या बेल्जियमच्या गणितज्ञाने तो मांडला. त्यांना कुणा एकाला जाडा-बारीक ठरवायचं नव्हतं, माणसांच्या मोठ्या समूहाचा अभ्यास करायचा होता. 'बीएमआय' हे नाव तर १९७२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांच्या लेखामुळे रूढ झालं.

आता गंमत बघा. मोठ्या माणसाचा बीएमआय १६.६ आला, तर डॉक्टर म्हणतील, "वजन फार कमी आहे." कारण मोठ्यांसाठी तो १८.५ च्या वर हवा. पण दहा वर्षांच्या मुलाचा १६.६ आला तर अगदी छान! मुलं वाढत असतात, म्हणून त्यांचा आकडा वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावर बघावा लागतो. तो तक्ता डॉक्टरांकडे असतो. तेव्हा घरच्या घरी निकाल लावू नका.

बंडूला मी फळ्यावर आणखी एक गणित घातलं. उंची १४० सेंटिमीटर, वजन ४३ किलो. बीएमआय सुमारे २१.९. वर्षभरात उंची ६ सेंटिमीटरने वाढली आणि वजन तेवढंच राहिलं, तर? बंडूने गणित सोडवलं. उत्तर आलं सुमारे २०.२. "बाई, न उपाशी राहता कमी झाला!" त्याचे डोळे चमकले.

उपाशी राहून उंचीच खुंटते, हाडं-स्नायू कच्चे राहतात. त्यापेक्षा भाकरी-भाजी, वरण-भात, उसळ, कोशिंबीर, फळं पोटभर खा. वेफर्स, बाटलीतली गोड पेयं कधीतरीच. आणि रोज तासभर तरी घाम येईपर्यंत खेळा. लंगडी, लगोरी, दोरीच्या उड्या, काहीही चालेल. मोबाइलवरचं क्रिकेट यात धरायचं नाही हं! बारीक मुलांनाही हेच लागू.

आई-बाबांनो, तुमच्याशीही दोन शब्द. 'जाड्या', 'काडीपहिलवान' ही नावं लाडाने घेतली तरी मुलांच्या मनाला लागतात. एका मुलाचं ताट वेगळं करू नका, सगळ्या घराचंच ताट बदला. वजन झपाट्याने वाढत किंवा घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मनाने डाएट सुरू करू नका.

मी बंडूला एकट्याला बोलावून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी हळू सांगा." आता माझ्या वर्गात एकेकालाच खोलीत बोलावते, आकडा मीच लिहिते आणि रांगेत कुणाला ऐकू जात नाही.

या आठवड्याचा घरचा अभ्यास : भिंतीवर पेन्सिलीने आपल्या उंचीची खूण करा, शेजारी तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच उभे राहा. आणि तोवर कुणाच्या वजनावरून हसू नका.

— तुमच्या बाई