बिडाची एक पट्टी

जुन्या लेथचा बेड झिजला की तो हाताने स्क्रेप करून पुन्हा सरळ करता येतो. पण सरळ म्हणजे कशासारखा? त्यासाठी बिडाची स्ट्रेट एज, म्हणजे सरळ कडेची पट्टी, लागते. तिला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, बेडवर सरकवायची. निळे डाग उमटतील ते उंचवटे, तेवढेच खरवडायचे. उंटाच्या पाठीसारखी कमान असलेलं तिचं कास्टिंग वजनाच्या मानाने ताठ राहतं. अडचण ते मिळवण्याची. ओतकामाचं गाव म्हणवणाऱ्या कोल्हापुरातही एका नगासाठी साचा मांडणं फाउंड्रीला परवडणार कसं?

ग्राइंडिंग आहे, ग्रॅनाइटची पट्टी आहे, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. ग्राइंडरचा बेड तरी कशावर ताडून पाहायचा? ग्रॅनाइट सपाट खरं, पण डव्हटेलच्या तिरक्या खाचेत शिरायला कोनातली निमुळती कड लागते, आणि बिडाची कड झिजली तर पुन्हा स्क्रेप होते. परवडण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून आयटीआयांनी एक सामाईक पॅटर्न करून मागणी एकत्र नोंदवावी. कास्टिंग भट्टीत ताण काढूनच घ्यावं. नाहीतर वरचं कातडं मशीनवर उतरताच ते हळूहळू वाकतं आणि आठवड्याची मेहनत पाण्यात जाते.