टेकाडाखालची माती कोणाची?

इंग्लंडमधील यॉर्क शहरात क्लिफर्ड्स टॉवर नावाचा दगडी बुरूज आहे. प्रवासी त्या दगडाकडे पाहतो. खरा इतिहास मात्र त्याखालच्या मातीत आहे. हे टेकाड निसर्गाने घातलेले नाही. १०६८ साली नॉर्मन विजेता विल्यम याने जिंकलेल्या प्रजेला धाकात ठेवण्यासाठी ते रचविले व वर लाकडी गढी उभारली. यॉर्कमधील दोन गढ्यांपायी शहराच्या सात विभागांपैकी एक उजाड झाला, अशी नोंद त्याच राजाच्या १०८६ च्या महसुली पाहणीत सापडते. माती वाहिली कोणी, हे ते दप्तर सांगत नाही. फ्रान्समधील बायो येथील भरतकामाच्या पटात तेवढे हेस्टिंग्जचे असेच टेकाड रचणारे फावडेवाले मजूर दिसतात. विजेत्याच्या गौरवचित्रात, अनवधानाने का होईना, श्रमिकाला जागा मिळाली!

मार्च ११९० मध्ये याच गढीत सुमारे दीडशे ज्यूंनी आश्रय घेतला. बाहेर जमाव पिसाळला होता. बहुतेकांनी आत्मघात पत्करला, गढी जळाली आणि शरण आलेल्यांची कत्तल झाली. याला निव्वळ धर्मवेड म्हणणे हे अर्धसत्य होय. जमावाच्या म्होरक्यांत ज्यूंचे देणे असलेले जमीनदार होते, आणि कत्तलीनंतर कॅथीड्रलमध्ये ठेवलेले कर्जरोखे जाळण्यात आले. कर्ज बुडविण्याचा याहून निर्घृण मार्ग कोणता? या घटनेची पाटी टेकाडाच्या पायथ्याशी लागली ती १९७८ साली, तब्बल ७८८ वर्षांनी.

पाटीला उशीर झाला, तरी मातीने साक्ष राखली होती. १९०२-०३ च्या खोदकामात टेकाडाच्या पोटात जळक्या लाकडांचे अवशेष मिळाले. म्हणूनच अशा टेकाडाला कायद्याचे संरक्षण हवे; सरदारांचा दिमाख जपण्यासाठी नव्हे. तिथेही मालमत्तेच्या हक्काने अडसर घातलाच होता. १८८२ चा पहिला प्राचीन स्मारक कायदा मालकाच्या संमतीवर अवलंबून होता. सक्तीने संरक्षण करण्याचा अधिकार सरकारला १९१३ मध्ये मिळाला.

आणि कायदा असूनही प्रश्न मिटला नाही. स्मारक सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज संस्थेनेच टेकाडाचा पायथा खोदून तेथे प्रवाशांसाठी केंद्र बांधण्याची योजना आखली. २०१६ मध्ये स्थानिक कौन्सिलने परवानगीही दिली. नागरिकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर २०१८ मध्ये संस्थेने ती योजना सोडून दिली. २०२२ साली बुरुजाच्या आत लाकडी सज्जा व नवे जिने बसविण्यात आले. पायथ्याची माती जागच्या जागी आहे.