जुन्या पिकअपचे डिझेल आणि आर्थिक नुकसानीची पातळी

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने वाहनाच्या इंधनावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु शेतमाल बांधावरून बाजारात नेणारी पिकअप गाडी हाही शेतीच्या खर्चाचाच एक भाग आहे. फवारणीच्या खर्चाचा हिशेब आपण पैशापैशाने मांडतो. बियाणे, खते आणि मजुरी यांचीही नोंद ठेवतो. डिझेलचा खर्च मात्र ‘गाडीला लागले’ एवढ्या दोन शब्दांत संपतो. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की हे दोन शब्द महाग पडू लागतात.

दिल्ली परिसरात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. सोनिपत, झज्जर, गाझियाबाद या भागांतून भाजीपाला आझादपूरला आणि फुले गाझीपूरला येतात, ती बहुधा छोट्या मालवाहू गाड्यांतून. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल वाहने चालविण्यास मनाई केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून वाहनमालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित झाले. दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या, बीएस-४ च्या खालच्या मालवाहू वाहनांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश नाही, आणि बीएस-४ वाहनांना दिलेली मुभा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. अशा स्थितीत जुनी गाडी सांभाळावी की कर्ज काढून नवी घ्यावी, हा निर्णय शेतकऱ्याला घ्यावाच लागतो. तो अंदाजाने घेतला जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या शास्त्रात यासाठी एक तयार विचार आहे. १९५९ साली कॅलिफोर्नियात स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसूणघासावरील माव्याच्या अभ्यासातून आर्थिक नुकसानीच्या पातळीची संकल्पना मांडली. कीड दिसली म्हणून फवारायचे नाही. किडीने होणारे नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा अधिक होणार असेल, तेव्हाच फवारायचे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग येईपर्यंत थांबा, असे आपण कापूस उत्पादकांना सांगतो ते याच आधारावर. आधी मोजणी, मग निदान आणि शेवटी उपाय, हा क्रम पिकअपलाही जसाच्या तसा लागू पडतो.

मोजणी सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी, मीटरवरील किलोमीटर वहीत लिहावेत आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा टाकी पूर्ण भरून लागलेले लिटर नोंदवावेत. अशा सलग तीन नोंदी झाल्या की गाडीचे खरे ॲव्हरेज कळते. समजा, लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी १० वर आली आणि महिन्याला १,५०० किलोमीटर धावते. पूर्वी १२५ लिटर लागत होते, आता १५० लागतात. डिझेल ९० रुपये धरले तर महिन्याला २,२५० रुपये जादा जातात. दुरुस्तीला ८,००० रुपये येणार असतील आणि तिने ॲव्हरेज पूर्ववत होणार असेल, तर खर्च चार महिन्यांच्या आत वसूल होतो. हीच गाडी महिन्याला ३०० किलोमीटर धावत असेल, तर त्याच वसुलीला जवळपास दीड वर्ष लागते. म्हणजे आजार एकच असला तरी दोन शेतकऱ्यांसाठी सल्ला वेगळा असू शकतो.

निदानाच्या वेळी स्वस्त तपासण्या आधी कराव्यात. टायर थंड असताना हवेचा दाब पाहावा. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल तर ब्रेक धरून राहत आहे. एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, डिझेल फिल्टरमधील पाणी काढले आहे का, क्लच घसरतो का, हे पाहून मगच इंजेक्टरकडे वळावे. धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर म्हणजे जळण्यास हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा कूलंट आत शिरते आहे. पान पिवळे दिसले म्हणून आपण लगेच युरिया देत नाही, मुळाशी आणि पानामागेही पाहतो. धूर पाहून थेट पंप उघडायला लावणे हीदेखील तशीच घाई आहे.

चालविण्याची पद्धत हा बिनखर्चाचा उपाय आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी ५० ऐवजी ७० किलोमीटर वेगाने तो जवळपास दुप्पट होतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करते, त्यामागे हेच कारण आहे. नो-एन्ट्रीची वेळ संपण्याची किंवा मंडीच्या फाटकावर नंबर येण्याची वाट पाहताना चालू ठेवलेले इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल उगाच जाळते.

मात्र ॲव्हरेज हाच एकमेव निकष धरला तर फसगत होते. बाजार ६० किलोमीटरवर आहे असे समजू. १५ क्विंटल माल नेणारी गाडी जाऊन-येऊन १२ लिटर डिझेल घेते, म्हणजे क्विंटलमागे ०.८ लिटर. १० क्विंटलच नेले तर ॲव्हरेज सुधारून साडेदहा होईल, परंतु क्विंटलमागे १.१४ लिटर लागतील. ७२ रुपयांचा खर्च १०३ रुपयांवर जाईल. म्हणून वहीत किलोमीटरबरोबर क्विंटलही लिहावेत. गाडीच्या मंजूर क्षमतेत राहून दोन शेजाऱ्यांनी माल एकत्र नेणे आणि परतताना पेंड किंवा खत आणणे, याने जी बचत होते ती कोणत्याही सुट्या भागाने होत नाही.

इंधन वाचविणारी चुंबके आणि टाकीत टाकायची औषधे यांबाबत कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारस नसलेल्या कीटकनाशकाइतकेच कठोर राहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. त्यांतील जवळपास कशातूनही लक्षणीय बचत दिसली नाही.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. डिझेल वाचले म्हणजे प्रदूषण थांबले असे नव्हे. उत्तम राखलेले बीएस-३ इंजिन कमी धूर देईल, परंतु सूक्ष्म कण अडविणारा फिल्टर असलेल्या बीएस-६ गाडीची बरोबरी ते करू शकणार नाही. त्यामुळे दिल्लीत वावरण्याच्या हक्कासाठी ॲव्हरेजची वही पुढे करता येणार नाही. दुसरीकडे, केवळ वयावर गाडी बाद करणे मला कॅलेंडर पाहून केलेल्या फवारणीसारखे वाटते. राजधानी क्षेत्रात बीएस-४ निकष २०१० मध्ये आले, देशभर ते २०१७ मध्ये लागू झाले. म्हणून एकाच वर्षी विकलेल्या दोन गाड्यांचे मानक वेगळे असू शकते. न्यायालयाने वयाकडून मानकाकडे टाकलेले पाऊल त्यामुळे योग्य दिशेचे आहे. प्रत्येक मालकाने नोंदणी प्रमाणपत्रावरील मानक आजच पाहून ठेवावे.

कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रशिक्षणात ट्रॅक्टरची निगा असते. त्यात पिकअपच्या नोंदवहीसाठी एक तास द्यावा, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. वर्षभराच्या नोंदी हाती असलेला शेतकरी बँकेत कर्ज मागताना, गॅरेजमध्ये दुरुस्ती सांगताना किंवा गाडी विकताना आकड्यांवर बोलेल. गाडी आणखी दोन वर्षे ठेवायची की आता निरोप द्यायचा, हे मग मेकॅनिक किंवा विक्रेता ठरविणार नाही.